बोडक्या मुळांची मूठ

वहिनी, परवा तुझं तेरावं झालं. माणसं जेवून गेली, पत्रावळी उचलल्या, दादा ओटीवर भिंतीला टेकून बसून राहिला आणि मी मागच्या पडवीत जाऊन मनातल्या मनात तुझ्याशी बोलायला लागले. बराच वेळ बोलले. थांबल्यावर लक्षात आलं, की मला मधे कुणीच तोडलं नाही. तिथे मला रडू फुटलं. दवाखान्यात नाही, नदीवर नाही, तिथे. तुझ्यापुढे, अगदी शेवटचा एक दिवस सोडला तर, आयुष्यात एक वाक्य मी धड पुरं केलेलं नव्हतं. ‘पुरे गो, कळलं,’ म्हणायचीस तू, आणि बहुतेक वेळा तुला काहीही कळलेलं नसायचं.

जेवायला आलेल्या बायका तुझं गुणगान करत होत्या. एकीने तर तुला गरीब गाय म्हटलं. मी भाताचं पातेलं हातात घेऊन तशीच उभी राहिले. अगं, तू गरीब गाय असतीस तर आज मी महाडच्या एखाद्या चाळीत, न आवडलेल्या माणसाच्या डब्यासाठी पोळ्या लाटत असते. गरीब गायींनी कुणाचं भलं केलं असेल ते असो, माझं भलं तुझ्या शिंगांनी केलंय.

तू आमच्या घरात आलीस तेव्हा मी चौथीत होते. आई नुकतीच गेलेली, दादा मुंबईला बेकरीत, घरात आबा, मी आणि म्हशी. लग्नाची हळद निघते न निघते तोच दादा परत गेला, तो गणपतीलाच आला. पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटाच्या बाजूला डोंगराच्या खांद्यावरची आपली वाडी. दुकानाला उतरायचं, शाळेला उतरायचं, आणि परत चढायचं. तू पहिल्याच आठवड्यात माझ्या केसांत बोटं घालून उवा बघितल्यास आणि आबांना ऐकू जाईल असं म्हणालीस, ‘नणंद नाय ही, रान हाय रान.’ मग अख्खी दुपार बसून ते रान साफ केलंस. रीतीप्रमाणे तू मला ‘वन्सं’ म्हणायला हवं होतंस. म्हणायचीसही, पण फक्त भांडताना. एरवी मी निमी.

महाडच्या कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र घेतलं तेव्हा तू विचारलंस, ‘म्हंजे झाडांची डॉक्टर?’ मी नाही म्हटलं. ‘मंग झाडांची कोन?’ पुढे पुण्याला संशोधनाला गेले आणि विषय मिळाला, मुळांना फांद्या कशा फुटतात. हे ऐकून तू चुलीपुढे बसून इतकी हसलीस की भाकरी करपली. ‘वरच्या फांद्या डोळ्यांनी दिसतात त्या बघाया कुनी इचारत नाय, आनि चिखलातल्या बघाया सरकार पगार देतंय?’ वाडीभर सांगत फिरलीस, आमची निमी पुण्याला मुळं मोजते. निम्म्या वाडीला वाटलं, मी भाजी मंडईत कामाला लागले.

पण हसून झाल्यावर तू एक प्रश्न विचारलास आणि तो नेमका होता. ‘मूळ सरळ चाललंय गो. मंग मदीच एका जागी फुटतं, आनि शेजारच्या जागी फुटत नाय. त्याला कोन सांगतं, हितं फूट म्हनून?’ आमच्या प्रयोगशाळेतही त्या दिवसांत याच प्रश्नावर डोकेफोड चालली होती, फक्त लांबलचक शब्दांत. मी तुला सांगायला सुरुवात केली, की मुळाच्या आत गाभ्याभोवती पेशींचा एक थर असतो, फांदी बाहेरून फुटत नाही, त्या आतल्या थरातल्या दोन-चार पेशी जाग्या होतात आणि वरचे थर बाजूला सारत बाहेर येतात. ‘पुरे गो, कळलं,’ म्हणालीस. तुझं स्वतःचं उत्तर तयार होतं. टाच.

राबात, त्या दाट पेरलेल्या वाफ्यात, वाढलेली भाताची रोपं लावणीसाठी उपटताना आपण मूठभर रोपं ओढायची, मुळांचा चिखल झाडायला ती टाचेवर आपटायची आणि पेंढ्याच्या काडीने बांधून मूठ बाजूला टाकायची. पावसात पानांच्या इरल्याखाली बसून तू हे इतक्या वेगाने करायचीस की बघणाऱ्याला नुसता फट्‍ फट्‍ आवाज यायचा. तुझं ठाम मत होतं, टाचेवर आपटलं की मुळाला लागतं, आणि लागलं की ते फुटतं. पोराला दणका बसल्यावर अक्कल फुटते, तसं. ज्या घरच्या बायका हलक्या हाताने आपटतात त्या घरचं भात हलकं येतं, असंही तू त्याला जोडून दिलं होतंस, आणि कुठल्या घरच्या बायका हलक्या हाताच्या तेही नावानिशी सांगायचीस. यात तथ्य अगदीच नव्हतं असं नाही. मुळाचं टोक तुटलं की मागे फांद्या जास्त फुटतात, हे खरं आहे. पण शेजारणीच्या भाताचं तू म्हणायचीस ते काही खरं नव्हतं.

पुण्यातल्या माझ्या पहिल्याच पावसाळ्यात मी लावणीला घरी आले होते. तू उपटत होतीस, मी मुठी बांधत होते. मधेच तू एक रोप बाजूला भिरकावलंस. ‘ह्यो बोडका.’ मी उचलून पाहिलं. वर हिरवंगार, खाली मुळंही होती, पण प्रत्येक मूळ नुसतं सरळ, दोऱ्यासारखं गुळगुळीत. एकालाही फांदी नाही. तू म्हणालीस, अशी निघतात दरसाल मधूनमधून, ती म्हशीला टाकायची. मी चिखलात गुडघ्यांवर बसले आणि म्हशीच्या तोंडातलं काढून घ्यायला लागले. ‘निमे, खुळी झालीस काय गो?’

खुळीच झाले होते. ज्याला फांदी फुटते अशा हजार मुळांकडे बघून फांदी का फुटते ते कळत नाही. जिथे फुटायची राहून गेली तिथे बघितलं, की कशामुळे राहिली याचा माग लागतो. आबा दरसाल घरचंच बियाणं ठेवायचे, त्यामुळे कुठल्यातरी पिढीत झालेला एखाद्या जनुकातला बिघाड आपल्या भातात लपून चालत आला होता. आई-बाप दोघांकडून तो आला की रोप बोडकं, एकाकडूनच आला तर वरून काही दिसत नाही. मी ती रोपं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पुण्याला नेली. पिशवी घट्ट बांधली आणि पोचेपर्यंत सगळी सडली. माझे सर शांत माणूस. पिशवीत डोकावून त्यांनी एवढंच म्हटलं, ‘पुढच्या पावसाळ्यात आणा. मात्र तेव्हाही नाही मिळाली तर आपल्याला विषय सोडावा लागेल, आणि शिष्यवृत्तीचंही मग मला काही सांगता येणार नाही.’

शिष्यवृत्ती गेली की मी घरी, एवढं आबांचं गणित सरळ होतं. महाडच्या कारखान्यात नोकरीला असलेला एक मुलगा त्यांनी बघूनही ठेवला होता. वाईट नव्हता बिचारा. मला मात्र पुण्यात राहायचं होतं, त्या एका प्रश्नापाशी राहायचं होतं, आणि हे आबांना सांगायची माझी छाती नव्हती. तुला सांगितलं होतं. तू नुसतं ‘हं’ केलंस.

आणि नेमकी पुढच्या पावसाळ्यात मी टायफॉइडने झोपले. हॉस्टेलच्या खोलीतून उठून जिन्यापर्यंत जाता येत नव्हतं. मैत्रिणीने पोलादपूरच्या स्टँडजवळच्या एसटीडी बूथवर फोन लावून निरोप ठेवला, की वहिनीला म्हणावं, या वेळी राबातली बोडकी रोपं निघतील ती म्हशीला टाकू नको, मुळाच्या चिखलासकट बांधून पुण्याला आणून दे. बूथवाल्याने निरोप वाडीवर, त्याच्या म्हणण्याप्रमाणे, शब्दन्‌शब्द पोचवला. तू ऐकलास आणि तुला तो पुरता समजला. पुढे जे झालं ते समजूनच झालं, आणि आजही आठवलं की मला हसू येतं.

तू कधी आंबेनळी ओलांडून पलीकडे गेली नव्हतीस. ऐन लावणी टाकून, एकटी, महाबळेश्वर-वाई करत एसटीने पुण्याला आलीस, विचारत विचारत हॉस्टेल गाठलंस. लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं, हातात फडक्यात बांधलेली मूठ. मी अंथरुणातच फडकं सोडलं. वहिनी, इतकी सुंदर मूठ मी जन्मात पाहिली नव्हती. एकसारखी टपोरी रोपं, ओढ्याच्या पाण्यात धुऊन लख्ख केलेली, आणि प्रत्येकाच्या मुळांना दाढीसारखा दाट फुटवा. एकही बोडकं नाही.

‘ही कुठली?’ मी विचारलं.

‘सगळ्या राबातली येचून येचून काडली,’ तू म्हणालीस. चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

‘वहिनी, मी बोडकी मागितली होती.’

‘ठाव हाय. लावणीच्या येळेला घरातली चांगली रोपं कशी मागायची म्हनून तू वंगाळ मागितलीस. माहेरवाशीन मागते थोडं, आपुन द्यायचं चांगलं. नणंदेच्या हातात कुनी बोडकी मूठ देतं काय गो? लोक काय म्हनतील मला?’

‘आणि ती बोडकी?’

‘म्हशीला.’

मी रडायला लागले. तापाने अंगात त्राण नव्हतं, त्यामुळे आवाजही निघत नव्हता, नुसतं पाणी. आधी तुला वाटलं, मी कृतज्ञतेने रडतेय. मग मैत्रिणीने तुला बाजूला घेऊन सगळं सांगितलं, की हिचं शिक्षण या रोपांवर अडलंय, ती नाही मिळाली तर ही घरी परत. तू कॉटच्या कडेला येऊन उभी राहिलीस आणि तापलीस. ‘मंग तसं सांगायचं व्हतं, वन्सं! बोडकंच पायजेल, चांगलं दिलंस तर हात तोडीन, असं सांगायचं. तुमच्या पुन्याच्या लोकांना गोड बोलाया शिकवतात आनि आमची वाट लागते.’ मी म्हटलं, मी काही गोड बोलले नव्हते. तू म्हणालीस, ‘बोललीस.’ बूथवाल्याने ‘आणून दे’च्या आधी ‘जमलं तर’ घातलं होतं म्हणे. हा वाद आपण पुढे कितीतरी वेळा घातला. चूक कुणाची, याचा निकाल काही लागला नाही, आणि आता मला तो लावायचाही नाही. चहा पिऊन तू त्याच दुपारी परत निघालीस. ती मूठ मात्र हट्टाने खिडकीत बादलीत ठेवायला लावलीस. चांगलं रोप वाया घालवू नये म्हणून.

पुढचं मला तू कधी सांगितलं नाहीस. आबांनी सांगितलं, पुष्कळ वर्षांनी, तेही हसत हसत. तू घरी पोचलीस तेव्हा खालचा राब रिकामा झाला होता, वरचा अजून कोवळा होता. वाडीतल्या बायका आपल्या लावणीला येऊन गेल्या होत्या आणि खालची भातखाचरं लावून झाली होती. या बायका तुझ्यासारख्या निवडत नव्हत्या, हाताला आलं ते रोवत होत्या. म्हणजे बोडकी रोपं असलीच तर आता लावलेल्या खाचरांत. तू खाचरात उतरलीस आणि लावलेलं भात उपटायला लागलीस. एकेक चूड, म्हणजे चार रोपांचा झुबका, वर काढायची, मुळं पाण्यात खळबळायची, बघायची, परत रोवायची. बांधावरून जाणाऱ्यांना वाटलं, हिला बाहेरची बाधा झाली. लावलेलं भात स्वतःच्या हाताने उपटणारी बाई कुणी पाहिली नव्हती. कुणीतरी आबांना बोलावून आणलं.

आबा बांधावर उभं राहून ओरडले, ‘यशोदे, भाईर ये! पीक मोडतंस काय?’

तू मान वर न करता म्हणालीस, ‘निमीचं रोप हरवलंय.’

‘निमीला घरी आनायची हाय आता. पोरगा थांबलाय तो.’

तेव्हा म्हणे तू कंबर सरळ केलीस. डोक्यावरचं इरलं मागे गेलं, तोंडावर पाऊस. ‘मामंजी, तिला आनायची तर आना. पन मंग हितून फुडं लावणी तुमची तुमी करा. मी खाचरात उतरनार नाय. ह्या सालाला नाय आनि फुडच्यालाही नाय.’

आबा म्हणाले, मी बघितलं, वरची खाचरं अजून लावायची होती, मुलगा मुंबईला, आणि ही बाई खरंच उतरली नसती. त्यांनी इरलं उचलून तुझ्या डोक्यावर ठेवलं आणि घरी गेले. महाडच्या त्या मुलाला पुढे निरोप गेला, की मुलगी शिकते आहे. पुन्हा आबांनी विषय काढला नाही. हे सगळं त्यांनी सांगितलं तेव्हा मी तुझ्याकडे आले, तर तू ताक घुसळत म्हणालीस, ‘म्हातारा काय पन सांगतो.’

रोपं तुला सापडली. काही पाण्यावर तरंगून कोपऱ्याला लागली होती, काही चुडांत इतरांच्या आधाराने उभी होती. या वेळी तू धुतली नाहीस, आपटली नाहीस. घमेल्यात खाचराचा चिखल भरलास आणि ती त्यात उभी केलीस. तोवर आंबेनळीत दरड आली होती, गाड्या बंद. मग तू घमेलं डोक्यावर घेऊन पोलादपूरला उतरलीस, तिथून महाड, महाडहून वरंधा घाटाने भोर, भोरहून पुणे. सगळा वेळ घमेलं मांडीवर. कंडक्टर म्हणाला, टपावर टाका. तू त्याला काय म्हणालीस ते मला कळलं नाही, पण घमेलं मांडीवरच राहिलं. हॉस्टेलच्या दारात पोचलीस तेव्हा तुझं लुगडं, पोलकं, हात, सगळं तांबड्या चिखलाने माखलं होतं, आणि वॉचमन तुला आत सोडेना. मी भिंत धरत धरत खाली आले. तू घमेलं माझ्या पायाशी ठेवलंस आणि म्हणालीस, ‘घे तुझी बोडकी. आता तरी गप ऱ्हा.’

वहिनी, तेव्हा मी गप्प राहिले ते खरंच राहिले. धन्यवाद म्हणायची आपल्यात रीत नाही. म्हटलं असतं तर तू म्हणाली असतीस, भाषण करू नको. म्हणून आज करते.

ती रोपं कुंडीत जगली. मुळांना फांद्या नसल्या तरी पाणी हाताशी असलं की भात तग धरतं. लोंब्या आल्या, किडमिड्या का असेनात, दाणे भरले, दाण्यांची पुन्हा रोपं झाली, त्यावर माझा प्रबंध झाला आणि पुढे त्याच प्रयोगशाळेत नोकरी लागली. मी ज्या खुर्चीवर बसते ती त्या घमेल्यावर उभी आहे.

पुढे तू दोन-तीनदा पुण्याला आलीस तेव्हा तुला रोपांचं काचघर दाखवलं. बियाणं फ्रीजमध्ये ठेवतात हे बघून तू कपाळाला हात लावलास. मग म्हणालीस, एकदा मला आपटून बघू दे. आता बी भरपूर होतं, म्हणून मी दिलं. सरांच्या देखत तू चप्पल काढलीस आणि बोडकी रोपं टाचेवर अशी हाणलीस की सर मागे सरले. मग आपण ती लावली. महिन्याने उपटली तर मुळं तशीच, दोऱ्यासारखी. तू आली नव्हतीस, फोनवर कळवलं. मग तू म्हणालीस, ‘तुमच्या पुन्याच्या चिखलात जीव नाय.’ टाचेचा सिद्धांत तू शेवटपर्यंत सोडला नाहीस.

आणि मी माझं उत्तर सोडलं नाही. ते तुकड्यातुकड्याने मिळत गेलं, मला आणि जगभरातल्या पुष्कळ लोकांना. यंदा शिमग्याला मी तुला ते सगळं एकदा नीट सांगायचं ठरवलं होतं, पण शिमग्याआधीच तुला काविळीने महाडच्या दवाखान्यात आणलं. पिवळी पडली होतीस, हात काडीसारखे झाले होते. जीभ तेवढी शाबूत होती. मी उशाशी बसले तर म्हणालीस, ‘घावला का तुझा, मुळाला हुकूम देनारा?’

मी सांगायला लागले. फांदी फोडायचं जनुक प्रत्येक पेशीत असतंच, बोडक्या रोपातही असतं. पण त्याच्या दारात एक प्रथिन पहारा करत बसलेलं असतं, ते जनुकाला उठू देत नाही. शेंड्याकडून वाढीचं एक रसायन खाली येतं, त्याला ऑक्झिन म्हणतात. ते ज्या पेशीत पुरेसं साठतं तिथे पहारेकऱ्याला धरलं जातं, त्याचे तुकडे होतात, आणि मग जनुक जागं होतं. आपल्या बोडक्या भातात ऑक्झिन आहे, जनुक आहे, फक्त पहारेकरी हलत नाही. त्याला हलवायला मदत करणारं आणखी एक प्रथिन असतं, बिघाड त्यात असावा असा आमचा अंदाज आहे, अजून पक्कं झालेलं नाही.

वहिनी, त्या दिवशी तू मला एकदाही तोडलं नाहीस. मला वाटलं, झोप लागली. मग डोळे मिटूनच म्हणालीस, ‘म्हंजे हुकूम कुनाचाच नाय. आडवनारा उठला, की ज्याचं त्ये फुटतं.’

मी म्हटलं, ‘नाही वहिनी, नुसतं तेवढंच नाही. वरून ऑक्झिन यावंच लागतं. ते आल्याशिवाय पहारेकरी उठत नाही.’

‘त्येच सांगते. आडवनारा उठायला पायजेल.’

‘पण त्याला उठवणारं कुणीतरी लागतं ना!’

‘तुला समजत नाय,’ म्हणालीस, आणि नर्स सलाइन बदलायला आली. दुसऱ्या दिवशी तू बोलण्याच्या पलीकडे गेली होतीस. वाद तिथेच राहिला. शास्त्राच्या बाजूने मी बरोबर होते, अजूनही आहे. पण काल पुण्याला परतताना वरंधा घाटात गाडीच्या खिडकीशी बसून मला एकच दिसत राहिलं. खाचरात उभी तू, बांधावर आबा, वरून पाऊस. माझ्या वाटेत बसलेल्या माणसाला उठवणारी बाईच मला म्हणत होती, की उठवणारं कुणी लागत नाही.

आता राहिलेलं एक सांगते. हे मी इतकी वर्षं तुझ्यापासून लपवलं, कारण तुझी भीती वाटत होती.

घमेल्यातल्या भाताचं पहिलं बी हाताशी आलं तेव्हा सर म्हणाले, या वाणाला नाव द्यायला हवं, तुम्ही आणलाय, तुम्हीच द्या. बाकीचे लोक आकडे-अक्षरं देतात. मी ‘यशोदा’ दिलं. आमच्याकडून हे बी जिथे जिथे गेलं तिथे पाकिटावर तुझं नाव गेलंय. दूरदेशीची माणसं ते वेडंवाकडं उच्चारतात, काचघरात उभं राहून एकमेकांना विचारतात, आज यशोदाला पाणी घातलं का, यशोदा कशी आहे. मी काय काय बोलणी खाल्ली असती ते मला पाठ आहे. तू म्हणाली असतीस, एवढी दाट मुळांची रोपं घेऊन मी पुन्याला आले, त्यांच्यातल्या एकाला नाय दिलंस माझं नाव? जे म्हशीला टाकायचं, त्या बोडक्याला दिलंस? वन्सं, लोक काय म्हनतील मला?

हो, त्या बोडक्याला दिलं. घाल आता काय घालायच्या त्या शिव्या. मी बसलेय इथे.